दादाची कावीळ, माझी माळ

कावीळ दादाला झाली होती आणि माळ माझ्या डोक्यावर होती.

सुरतच्या कापड बाजारात माणूस डोक्यावर गठ्ठा घेऊन फिरला तर कोणी वळून बघत नाही. पण पन्नाशीला टेकलेला व्यापारी कसल्याशा मुळ्यांची माळ मुकुटासारखी डोक्यावर चढवून गादीवर बसलाय आणि तशाच अवतारात भावावरून समोरच्याला झापतोय, हे बघायला आमचा अख्खा मजला येऊन गेला. शेजारचा मारवाडी दारात उभा राहून म्हणाला, "सेठ, फेरे कब हैं?" मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे समजायला आधी माझं आणि दादाचं काय वाजलं होतं ते सांगावं लागेल. ते मी आनंदानं सांगतो. इतकी वर्षं जो ऐकेल त्याला सांगतच आलोय.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. वडील सुरतजवळ उधन्याला माग चालवायला आले आणि मागोमाग आम्ही. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. त्याची शाळा गावीच झाली आणि गावीच सुटली. माझी शाळा मात्र उधन्यात झाली, गुजराती माध्यमात. त्यामुळे माझं गुजराती अस्सल सुरत्यासारखं चालतं, शिव्यांसकट. दादाचं गुजराती म्हणजे मराठी वाक्याच्या शेवटी 'छे' लावायचं. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, बाजारात ज्याला जी येईल ती भाषा.

दादानं फेंटचा धंदा सुरू केला. फेंट म्हणजे तागा कापून झाल्यावर उरलेले तुकडे. ते वजनावर घ्यायचे, निवडायचे, जोडायचे आणि विकायचे. निवडायला मी, पाठीवर वाहायला मी, घासाघीस करायलाही मी, कारण दादाला 'नाही' म्हणता येत नाही. समोरच्यानं तोंड पाडलं की हा विरघळतो. मी विरघळत नाही. मी घेणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, त्याच्या हाताकडे बघतो. माल हातातून सुटत नसेल तर तो घेणारच, मग तोंडानं काही का बोलेना. त्या धंद्याची गादी झाली ती माझ्या जिभेवर झाली, हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो.

एक दिवस आम्ही दोघं रिंग रोडवरच्या एका मोठ्या सेठकडे गेलो. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या माणसाच्या गादीवर बसायला मिळत होतं. सेठनं माझ्याकडे बोट करून दादाला विचारलं, हा कोण? दादा हसला आणि म्हणाला, "आ तो आपणो माणस छे."

माणस. बाजारात या शब्दाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. दुकानात किती माणस ठेवलेत, आमचा माणस माल घेऊन येईल, पार्सल माणसाजवळ द्या. माणस म्हणजे पगारी हमाल. सेठलाही तेच कळलं. त्यानं माझ्याकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही. उठताना नुसतं म्हणाला, ते पार्सल खाली टेम्पोत टाकून दे. आणि दादा गप्प. सेठला पुन्हा नमस्कार करत होता.

मी पार्सल उचललं. अर्ध्या जिन्यापर्यंत नेलं, तिथेच मधोमध ठेवलं आणि चालता झालो. दादाच्या गादीवर परत पाय ठेवला नाही. दोन वर्षांत पर्वत पाटियाला स्वतःचं दुकान काढलं, ग्रे कापडाचं, म्हणजे मागावरून उतरलेलं, अजून रंग न चढलेलं कोरं कापड. दादा बोलवायला आला होता. मी त्याला म्हणालो, "मी कोण ते आधी सांग, मग बोलू." तो वेड्यासारखा माझ्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. त्यानंतर दहा-बारा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लग्नकार्यात तो मांडवाच्या या टोकाला आणि मी त्या टोकाला. माझी बायको म्हणायची, नवरदेवापेक्षा तुमच्याकडेच लोकांचं लक्ष जास्त असतं.

मग एका सकाळी वहिनी घरी आली. कधी न येणारी बाई आली, चप्पल दाराबाहेर काढून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. म्हणाली, दादाला रक्ताचा कॅन्सर झालाय, औषधांनी आटोक्यात आलाय पण डॉक्टर म्हणतात परत उलटेल, आता दुसऱ्याच्या रक्ताचं बी त्याच्यात लावावं लागेल. सख्ख्या भावंडांचं जुळायची शक्यता असते. बहिणीचं तपासलं, नाही जुळलं. एवढं सांगून थांबली. पुढचं मागितलं नाही. मागितलं असतं तर मी कदाचित दोन शब्द सुनावले असते. ती नुसती बसून राहिली, आणि न मागणाऱ्याशी घासाघीस करता येत नाही.

तपासणी केली. माझं पूर्ण जुळलं. घरात सगळे रडले. मला मात्र, खरं सांगतो, आतून जरा बरं वाटलं. आता काटा माझ्या हातात होता.

डॉक्टर बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. गुजराती, चष्मेवाली, बोलताना पेन न हलवणारी बाई. त्यांचा नियमच होता, देणाऱ्याला एकटं बसवून विचारायचं, कोणी जबरदस्ती केली का, मनापासून देताय का. मी म्हणालो, "मनापासून देत नाहीये. रागानं देतोय. चालेल?"

त्या म्हणाल्या, "चालेल. राग रक्ताच्या सेलमध्ये उतरत नाही. पण उद्या नाही म्हणायचं असेल तर आजच म्हणा. आम्ही औषधं देऊन त्यांचं स्वतःचं रक्त बनणं बंद केल्यावर तुम्ही मागे फिरलात, तर ते वाचणार नाहीत."

असा सौदा मी आयुष्यात केला नव्हता, ज्यात समोरच्यानं आधी सगळंच देऊन टाकलंय आणि नंतर माझी पाळी येणार. मी सही केली. अट मनात ठेवली. दादा बरा झाला की त्यानं त्या सेठसमोर जाऊन मी कोण ते सांगायचं. हे कोणाला बोललो नाही. अट सांगून रक्त दिलं असतं तर डॉक्टर बाईंनी घेतलंच नसतं, हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं होतं.

देण्याआधी काही दिवस सुया टोचल्या. कंबर, मांड्या, छातीची हाडं, सगळं ठणकायला लागलं. मग दोन्ही हातांना नळ्या लावून यंत्राशेजारी बसवलं. एका हातातून रक्त जातंय, यंत्र फिरतंय, दुसऱ्या हातातून परत येतंय. लूमसमोर बसून धोट्याची ये-जा बघावी तसा मी ते बघत होतो. नाक खाजलं तरी हात हलवायचा नाही. तिथल्या मुलीवर मी दोनदा खेकसलो आणि दोन्ही वेळा तिनं माझं नाक खाजवून दिलं. शेवटी एक लहानशी पिशवी भरली, टोमॅटोच्या सारासारखी. ती पलीकडच्या बंद खोलीत दादाला चढवली. आमचे रक्तगट वेगळे. सगळं नीट झालं तर काही महिन्यांनी दादाचा गट बदलून माझा होईल, असं बाईंनी सांगितलं. मी वहिनीला म्हणालो, म्हणजे आता माणस कोण आणि मालक कोण. ती हसली नाही.

पहिला आठवडा बरा गेला. मग दादाचं पोट फुगायला लागलं.

आधी वजन वाढलं. जेवण जात नाही आणि वजन वाढतंय, हे काही चांगलं लक्षण नव्हतं. उजव्या बरगडीखाली हात लावला तरी दुखायचं. रोज सकाळ-संध्याकाळ नर्स मोजपट्टीनं पोटाचा घेर घ्यायच्या. प्रत्येकीचं माप एकाच जागी यावं म्हणून पोटावर पेनानं रेघ मारून ठेवली होती. मग डोळे पिवळे झाले. काचेतून दादाचे डोळे बघितले तेव्हा मला वाटलं तिथल्या दिव्याचा रंग आहे. कापड दिव्याखाली वेगळं दिसतं आणि उन्हात वेगळं, म्हणून शेड बघायची तर मी खिडकीत नेतो. दुसऱ्या दिवशी पडदा सरकवलेला होता, खिडकीतून ऊन आत आलेलं होतं आणि पिवळा पिवळाच होता.

डॉक्टर बाईंनी मला आणि वहिनीला समजावलं. रक्त बदलायच्या आधी जी जबर औषधं द्यावी लागतात, त्यांचा मार कधी कधी लिव्हरला बसतो. लिव्हरच्या आतल्या बारीक बारीक नसा सुजून बुजतात. रक्ताला पुढे जायला वाट राहत नाही, ते मागे तुंबतं, पाणी पोटात उतरतं, पित्त रक्तात चढतं.

मी म्हणालो, "म्हणजे खाडीपूर."

बाईंनी विचारलं, कसं? मी म्हणालो, आमच्या पर्वत पाटियाला पाऊस नसतानाही पाणी येतं. पुढे वाट बंद झाली की खाडी उलटी गावात शिरते, पाणी चांगलं नाही वाईट नाही, त्याला जायला जागा नसते एवढंच. बाई म्हणाल्या, हेच. आणि जास्त दिवस तुंबलं की शेजारची घरंही बुडतात, आधी किडनी, मग फुप्फुसं. म्हणून आयसीयूत हलवतोय. नसा मोकळ्या करायचं औषध सुरू केलंय, दिवसातून चार वेळा, त्यात रक्तस्रावाची भीती आहे, पण दिलंच पाहिजे.

मी विचारलं, रुपयातले किती आणे आशा. त्या म्हणाल्या, "आज आठ आणे."

"बारा करा."

"मी भाव लावत नाही, भाई."

बाजारात बातमी पसरली होती. शेजारच्या मारवाड्यानं चहा देताना म्हटलं, तुमचं गरम रक्त भावाच्या लिव्हरला पचलं नाही. तो गमतीनं बोलला. मी चहाचा कप त्याच्या गल्ल्यावर आपटला आणि सरळ हॉस्पिटलात गेलो. बाई राउंडवर होत्या. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि विचारलं, माझ्या रक्तानं झालं का हे? त्या म्हणाल्या, नाही. लिव्हरला लागलं ते आधीच्या औषधांनी. तुमचे सेल तर अजून रुजतायत, पांढऱ्या पेशी वाढतायत, उलट तीच एक चांगली बातमी आहे. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. पार्सल ठेवलं होतं तशाच एका पायरीवर. मला एकच विचार येत होता की हा माणूस गेला तर मी भांडायचं कोणाशी. इतकी वर्षं सांभाळून ठेवलेलं भांडण, त्याला समोर दादाच पाहिजे होता. दुसरा कोणी चालणार नव्हता. त्यानं असं मधेच उठून जाणं म्हणजे सरळ लबाडी होती.

त्याच संध्याकाळी आयसीयूच्या दाराशी वहिनी आणि सिक्युरिटीवाला यांची झकाझकी चालली होती. वहिनीच्या एका हातात उसाच्या रसाचा थर्मास आणि दुसऱ्या हातात पिशवीत माळ. आमच्याकडे कावीळ म्हटलं की दोनच गोष्टी, उसाचा रस आणि माळ. बमरोलीला आमच्या भागातला एक म्हातारा आहे, तो कसल्याशा वेलीच्या मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात बांधून देतो. ती माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ जशी उतरते तशी माळ आपोआप लांब होते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून पोटावर, आणि शेवटी पायातून निघते. मधे हातानं काढायची नाही. लहानपणी आम्ही सगळ्यांनी घातलेली आहे.

मी वहिनीवर ओरडलो. बाई सांगतायत की दादाच्या अंगात जंतूंशी लढायला काही नाही, साधं फूल आत नेऊ देत नाहीत, आणि तू गाड्यावरचा रस आणि मातीतल्या मुळ्या घेऊन आलीस. बरंच काही बोललो. लिफ्टमधली माणसं लिफ्टमधून उतरेनात. वहिनीनं थर्मासचा रस तिथल्या कुंडीत ओतला, पिशवी बंद केली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात आली. गादीवर गिऱ्हाईक होतं. तिनं गिऱ्हाइकासमोरच विचारलं, "भाऊ, तुमना दादाना आंगमां आते रगत कोनं शे?"

मी म्हणालो, माझं.

"मंग कावीळ बी तुमनीच शे. आत नेता येत नही ना माळ? नका नेऊ. तुमीच घाला."

गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं. मी सतरा गोष्टी बोलू शकलो असतो. मी कापडाचा माणूस आहे, ती माळ लांब कशानं होते ते मला गाठ बघूनच कळलं होतं. दोरा तुकड्याला पक्की गाठ मारत नाही, नुसता वेढा घेऊन पुढे जातो. ओली मुळी वाळली की आकसते, वेढा सैल पडतो, दोरा सुटतो. कावीळ असो नसो, खांबाला घातली तरी ती उतरेल. पण वहिनीच्या बोलण्यात मला कुठे फट सापडेना. रक्त माझं आहे हे मीच घरभर मिरवत होतो. मी मान खाली केली आणि तिनं माळ माझ्या डोक्यावर ठेवली. एवढ्या वर्षांत माझ्याशी सौदा करून जिंकलेली ती एकटीच.

तर असा मी डोक्यावर माळ घेऊन बाजारात बसलो. ज्यांनी टिंगल केली त्यांना भाव वाढवून सांगितला.

पहिले काही दिवस फार वाईट होते. माळ कानावर आली आणि दादाची कावीळ मात्र वाढत होती. तो गुंगीत असायचा, नाकाला ऑक्सिजन, लघवी कमी झालेली. मी माळेला शिव्या दिल्या. वहिनीला फोन करून म्हणालो, तुझी माळ खोटं बोलते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." मी राहू दिली. आंघोळ करताना डोकं जपून पुसायचो, झोपताना उशी काढून ठेवायचो, की धक्का लागून ती उगाच लांब व्हायला नको. गाठीचं सगळं गणित माहीत असूनही मला तिच्याकडून खोटा हिशेब नको होता.

आयसीयूत जायचं तर माळ काढावी लागणार, आणि माळ काढायची नाही. म्हणून मी आत गेलोच नाही. काचेबाहेर उभा राहायचो. डॉक्टर बाईंनी एकदा ती बघितली. मला वाटलं आता झापतील, मीही तयारीत होतो. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या अंगावर आहे तोवर माझी हरकत नाही. त्यांच्या तोंडात काही जाऊ देऊ नका." मग मी नेहमीसारखं विचारलं, आजचा भाव काय. म्हणाल्या, कावीळ काल जेवढी वाढली तेवढी आज वाढली नाही. मी म्हणालो, म्हणजे बाजार थांबलाय. त्या म्हणाल्या, थांबलाय. खाली येईल असं मी म्हटलेलं नाही.

पण आला. आधी लघवी वाढली. मग वजन हळूहळू उतरायला लागलं. मोजपट्टी रेघेवर धरली की रोज थोडी मोकळी पडायची. नर्स काचेतून मला ती पट्टी वर करून दाखवायची, जसा मी गिऱ्हाइकाला पन्हा दाखवतो. डोळ्यांतला पिवळा सगळ्यात शेवटी हलला. मी बाईंना विचारलं, आता बारा आणे? त्या हसल्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांना हसताना बघितलं. म्हणाल्या, घ्या बारा. चार आणे माझ्याकडे राहू द्या.

माळ तेव्हा गळ्यात आली होती.

दादा शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला त्या दुपारी नर्सनं त्याच्या कानाला फोन लावला आणि मला काचेजवळ बोलावलं. मी बाहेर फोन धरून, तो आत. इतक्या वर्षांनी आम्ही बोलणार होतो. मी सुरुवातीची वाक्यं पाठ केली होती. दादानं माझ्याकडे बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "तुना गळामां ते काय शे?"

मी म्हणालो, "तुनी कावीळ."

तो हसायला लागला. हसताना पोट दुखत होतं म्हणून ते हातानं धरून हसत होता. नर्सला कळेना काय झालं. तिनं गुजरातीत त्याला विचारलं, बाहेर हे कोण आहेत. फोन चालूच होता. दादानं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "आ तो आपणो माणस छे."

माझ्या डोक्यात कोणीतरी भट्टी पेटवली. मी काचेवर हात आपटला. फोनमध्ये म्हणालो, "परत?"

"काय परत?"

"परत माणस? हाडं ठणकेपर्यंत रक्त दिलं, गळ्यात मुळ्या घालून गावभर फिरलो, तरी माणसच?"

तो खरंच गोंधळला. आणि नर्स, तिचं भलं होवो, त्याच वेळी म्हणाली, "अच्छा, दुकानना माणस छे?"

"दुकानना नही, ताई," दादा म्हणाला. त्याचं गुजराती तिथेच संपलं. मग माझ्याशी अहिराणीत, एकेका शब्दाला दम घेत, "आपला मानूस म्हंजे आपला मानूस. घरना. दुसरं काय म्हनतस?"

मी काचेला हात लावून उभा राहिलो. माझं गुजराती शाळेतलं, त्याचं गुजराती 'छे' लावलेलं मराठी. आपला माणूस. परक्या दारात आपण म्हणतो ना, घाबरू नका, हा आपलाच माणूस आहे. त्यानं तेच त्या सेठला सांगितलं होतं, आणि सेठनं आणि मी, आम्ही दोघा चांगलं गुजराती येणाऱ्यांनी, वेगळंच ऐकलं होतं. मी दुकान सोडून का गेलो हे या माणसाला आजतागायत माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं मला स्वतःची गादी हवी होती.

पण मी इतक्यात सोडणारा नाही. मी म्हणालो, शब्दाचं ठीक आहे, धरून चालू. सेठनं मला पार्सल उचलायला सांगितलं तेव्हा तू गप्प का बसलास?

दादा म्हणाला, "मी उचलतू, ते तू मना हातमाईन हिसकाई लेता. तू मले कधी वझं उचलू दिन्हं?"

हे खरं होतं, त्यानं ओझं उचललं की मी ते हातातून हिसकावून घ्यायचोच. खरं होतं म्हणून जास्तच राग आला. मी त्याला स्पष्ट सांगितलं की अर्धं मान्य आहे, अर्धं नाही. तो म्हणाला, बाकीचं अर्धं घरी आल्यावर भांडू. नर्सनं फोन काढून घेतला.

दादा घरी आला. मधे एकदा ताप, एकदा अंगावर पुरळ, हॉस्पिटलच्या फेऱ्या, पण लिव्हरनं पुन्हा त्रास दिला नाही. माळ माझ्या पोटावर, मग गुडघ्यावर आली आणि एके दिवशी जिना उतरताना पायात अडकून निघाली. वहिनीनं ती तापीत सोडली. दादाचा रक्तगट बदलल्याचा रिपोर्ट आला तेव्हा तो चिडखोर झालाय असं घरात सगळे म्हणायला लागले. भाजीवाल्याशी भांडतो म्हणे. मला ते ऐकायला आवडतं.

डॉक्टर बाईंनी बाहेर फिरायची परवानगी दिली तेव्हा मी माझी अट काढली. दादा कुरकुरला नाही. वाटेत रिक्षात मी त्याच्याकडून वाक्य घोकून घेतलं. दुपारी गर्दी नसताना आम्ही त्या सेठच्या गादीवर गेलो. सेठ म्हातारा झालाय, पण ओळख धरतो. दादानं मास्क जरा सारखा केला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि परीक्षा दिल्यासारखं म्हणाला, "आ मारो सगो भाई छे."

सेठनं माझ्याकडे निरखून बघितलं. मग विचारलं, "तो ते दिवसे पार्सल दादर पर कोण मूकी गयेलुं?"

अर्ध्या जिन्यात ठेवलेलं ते पार्सल त्याच्या अजून लक्षात होतं. मी म्हणालो, "ए तो आपणो माणस हतो."

सेठ पोट धरून हसला आणि त्यानं चहा मागवला. दादा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत बसला. परतताना रिक्षात त्यानं तीनदा विचारलं, हसायला काय झालं. मी सांगितलं नाही. उरलेल्या अर्ध्यातलं तेवढं मी माझ्याकडे ठेवलंय.